लव्हलेस

लव्हलेस : माय ब्लडी व्हॅलेंटाइन या अल्टरनेटिव्ह रॉक बँडचा दुसरा अल्बम. लंडनच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने तो नोव्हेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. यात ११ रचना असून एकूण कालावधी सुमारे ४८ मिनिटे आहे. डब्लिन येथे १९८३ मध्ये स्थापन झालेला हा बँड पुढे लंडनला स्थायिक झाला. अल्बमच्या वेळी त्यात केव्हिन शील्ड्स (गिटार, गायन), बिलिंडा बुचर (गायन, गिटार), डेबी गूज (बेस) आणि कॉलम ओ कीसोग (ड्रम) हे चौघे होते. शूगेझ (गिटारच्या दाट, धूसर ध्वनीत गायन बुडवणारा रॉक) या संगीतप्रकाराची प्रातिनिधिक कृती म्हणून बहुतेक समीक्षक याच अल्बमकडे बोट दाखवतात.

ध्वनिमुद्रण : फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्क भागातील ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झाले. पाच दिवसांत अल्बम हाती येईल, अशी कंपनीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात काम सप्टेंबर १९९१ पर्यंत लांबले. या काळात बँडने १९च्या आसपास स्टुडिओ बदलल्याचे सांगितले जाते. अनेक अभियंते आले आणि गेले. शील्ड्सचा विश्वास प्रामुख्याने ॲलन मोल्डर यांनी संपादन केला. आजारपण आणि राहत्या जागेची अडचण यांमुळे ओ कीसोगला बराच काळ वाजवता आले नाही. त्यामुळे त्याच्याच ताल-आकृत्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे (नमुने) घेऊन बहुतेक रचनांचे ड्रम जुळवले गेले. ‘टच्ड’ ही छोटी वाद्यरचना मात्र सर्वस्वी त्याची आहे. श्रेयनामावलीत गूजचे नाव असले, तरी अल्बमवरील बेस शील्ड्सनेच वाजवला आहे.

खर्चाचा वाद : अल्बमवर अडीच लाख पाउंड खर्च झाले आणि क्रिएशन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, ही कथा सर्वत्र आढळते. तिचा मुख्य आधार कंपनीचे संस्थापक ॲलन मॅगी यांची विधाने हा आहे. शील्ड्सने हा आकडा सातत्याने नाकारला आहे. स्टुडिओंचे भाडे आणि अभियंत्यांचे मानधन यांची बेरीज करून बँडने काढलेली रक्कम जास्तीत जास्त १ लाख ६० हजार पाउंड भरते. तीतही मोठा वाटा सदस्यांच्या जवळजवळ तीन वर्षांच्या निर्वाहाचा होता आणि कंपनी आधीच कर्जात होती, असे त्याचे म्हणणे. दोन्ही पक्षांना आपापली बाजू राखायची आहे, हे खरे. तरीही शील्ड्सचा आकडा कशाकशाच्या बेरजेतून आला हे सांगता येते. मॅगींचा आकडा गोळाबेरीज वाटतो. म्हणून तो जपूनच वापरावा.

ध्वनितंत्र : थरावर थर चढवलेल्या असंख्य गिटारी ऐकू येतात, हा समज दूर करणे आवश्यक आहे. शील्ड्सच्या म्हणण्यानुसार बहुतेक ठिकाणी गिटारचे मोजकेच ट्रॅक आहेत. ध्वनीचा दाटपणा हाताच्या लकबीतून येतो. जॅझमास्टर आणि जॅग्वार या फेंडर कंपनीच्या गिटारींची ट्रेमोलो दांडी (तारांचा ताण बदलून स्वर वरखाली करणारी) मुठीत सैलसर धरून तो तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक झंकारासोबत पूर्ण स्वरमेळ किंचित वरखाली सरकतो. मींडेत स्वर ठरावीक मुक्कामाला पोचवला जातो. इथे मुक्कामच अस्थिर आहे, आणि त्यातच या संगीताची मोहिनी आहे. याला उलट्या रिव्हर्बची, म्हणजे उलट दिशेने वाजणाऱ्या कृत्रिम प्रतिध्वनीची, जोड मिळते. नेहमीचा प्रतिध्वनी विरत जातो, तर हा आधी फुगतो आणि मग तुटतो. परिणामी छेडण्याचा ठोका बोथट होऊन स्वर कुठे सुरू झाला ते कळेनासे होते. कोरस व फ्लँजर यांसारखी ध्वनी दाट किंवा घुमता करणारी उपकरणे शील्ड्सने टाळली आणि गिटार बहुतांशी डाव्या-उजव्या स्पीकरांच्या मध्यभागीच ठेवली. ‘टू हिअर नोज व्हेन’मध्ये हे तंत्र सर्वांत टोकाला गेलेले आढळते.

आवाज मिश्रणात मुद्दाम खाली ठेवलेले आहेत. गायनाचे मुद्रण अनेकदा पहाटेनंतर, सकाळी साडेसातच्या सुमारास होई. नुकताच डोळा लागलेल्या बुचरला उठवून गायला लावले जाई. तिच्या स्वरातील पेंग म्हणजे केवळ अभिनय नव्हे. गाताना गायनकक्ष व नियंत्रणकक्ष यांमधील काचेवर पडदे ओढलेले असत. मनासारखे झाले की पडदा सारून अभियंत्यांना खूण केली जाई.

प्रतिसाद : अल्बममधील ‘सून’ ही रचना १९९० च्या ‘ग्लायडर’ या लघुमुद्रिकेत आधीच आली होती आणि संगीतकार-निर्माते ब्रायन ईनो यांनी तिची प्रशंसा केली होती. अल्बमचे ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांनी स्वागत केले. मात्र ब्रिटनच्या विक्री-यादीत तो २४ व्या क्रमांकापर्यंतच गेला. प्रकाशनानंतर क्रिएशनने बँडशी संबंध तोडले. बँड आयलंड रेकॉर्ड्सकडे गेला, पण पुढचा अल्बम २०१३ मध्येच आला. दरम्यान प्रतिष्ठा वाढतच गेली : पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने १९९९ मध्ये नव्वदच्या दशकातील अल्बमांत त्याला पहिले स्थान दिले, तर २००३ च्या सुधारित यादीत दुसरे.

२०१२ मध्ये शील्ड्सने केलेली नवी आवृत्ती दोन सीडींवर निघाली. एक मूळ डिजिटल टेपवरून, तर दुसरी अर्ध्या इंची ॲनालॉग टेपवरून तयार केलेली आहे. पूर्णतः ॲनालॉग पद्धतीने केलेली विनाइल तबकडी २०१८ मध्ये उपलब्ध झाली.