विहिरीतले कासव आणि डोहातले कासव

मराठवाड्यात पाझर तलाव आटू लागले, की गाळात किंवा बांधावर मऊ पाठीचे एखादे कासव सापडते आणि सापडणारा माणूस ते चांगल्या हेतूने जवळच्या विहिरीत नाहीतर थेट गोदावरीत नेऊन सोडतो. मात्र आपल्याकडे मऊ पाठीची दोन निरनिराळी कासवे आहेत आणि त्यांचे घर एक नाही.

पहिले झडपांचे कासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. दुसरे लीथचे कासव, म्हणजे निल्सोनिया लीथी, ज्याचे वर्णन जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली केले आणि जे फक्त भारतीय द्वीपकल्पातच आढळते. दोघांच्याही पाठीवर खवल्यांऐवजी कातडी असते, नाक सोंडेसारखे पुढे आलेले असते आणि प्रत्येक पायाला तीनच नखे असतात. झडपांचे कासव साधारण ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर लीथचे ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते; पण वाढत्या वयातले लीथचे कासव पूर्ण वाढलेल्या झडपांच्या कासवाएवढेच दिसते, म्हणून केवळ आकारावरून निर्णय करू नये.

खात्रीची खूण मागच्या पायांपाशी आहे. झडपांच्या कासवाच्या पोटाकडील कवचाला मागे कातडीच्या दोन झडपा असतात आणि पाय आत ओढले की त्या मिटतात. पाठही घुमटासारखी असल्याने हे कासव डबीसारखे बंद होते. लीथच्या कासवाला हा आसरा नाही. त्याची पाठ थाळीसारखी चपटी, कडा लवचीक, आणि पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी चार ते सहा वलये असतात, जी वयाबरोबर पुसट होत जातात. लपता येत नसल्याने ते चावते, हे उचलणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

झडपांचे कासव तळी, कालवे, भातखाचरे अशा उथळ पाण्यात राहते आणि पाणी आटले की ओल्या गाळात स्वतःला पुरून घेऊन पावसाची वाट पाहते. त्यामुळे गाळात सापडलेले कासव बहुधा हेच असते. त्याला हलवण्याची गरजच नसते, आणि खड्या भिंतींच्या विहिरीत तर कोणतेच कासव सोडू नये, कारण अंडी घालायला त्याला वर येता येत नाही. लीथचे कासव मुख्यतः नद्यांचे आणि मोठ्या जलाशयांचे आहे. मांसासाठी झालेल्या शिकारीमुळे ते आज अतिसंकटग्रस्त ठरले आहे, आणि वैशाखात गोदावरीचे पात्र उघडे पडते तेव्हा पाणी टिकून राहिलेले मोजके डोहच त्याला उरतात.