एंटर कुठे अडकतो?

मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवणारा सी या प्रोग्रामिंग भाषेतला छोटासा प्रोग्राम घ्या. आधी वजन विचारायचं, मग ‘आणखी नोंद आहे का?’ असं विचारून एका अक्षरात उत्तर घ्यायचं. कोकणातल्या कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं असलेच प्रोग्राम लिहितात आणि हमखास इथेच अडतात. वजन टाकून एंटर दाबला, की दुसरा प्रश्न स्क्रीनवर उमटतो आणि उत्तराची वाट न बघता प्रोग्राम पुढे निघून जातो.

इंग्रजी आकड्यांत १२ टाइप करून एंटर दाबला, की प्रोग्रामच्या वाट्याला तीन बाइट येतात: एक, दोन आणि ‘ओळ संपली’ ही खूण, जिचा आस्की, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला, क्रमांक १०. टाइप केलेलं वाचणाऱ्या स्कॅनएफ (scanf) या फंक्शनमधला परसेंट डी (%d), म्हणजे ‘पूर्णांक वाच’ ही सूचना, पहिले दोन उचलतो आणि खूण तिथेच ठेवतो. पुढच्या परसेंट सीला (%c, म्हणजे ‘एक अक्षर वाच’) कुठलंही अक्षर चालतं, म्हणून तो तीच खूण उत्तर म्हणून घेतो. परसेंट सीच्या आधी एक मोकळी जागा सोडली, की ही उरलेली खूण गिळली जाते.

आकड्याऐवजी कुणी ‘बारा’ लिहिलं तर दुखणं मोठं. परसेंट डी एकही बाइट उचलत नाही, नोंदी पुन्हा पुन्हा विचारणारा लूप परत तिथेच आपटतो आणि स्क्रीन धो धो वाहू लागते. किती किमती भरल्या हे स्कॅनएफ दर वेळी परत सांगत असतो. इथे तो शून्य सांगतो. ते तपासायला पहिल्याच तासाला शिकवलं पाहिजे. त्याऐवजी बऱ्याच वह्यांत उरलेलं इनपुट फेकून देण्यासाठी एफफ्लश एसटीडीइनचा (fflush(stdin)) तोडगा सापडतो. सी भाषेच्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) इनपुटसाठी एफफ्लशचा अर्थच ठरवलेला नाही. एका कंपायलरवर चालतं, दुसऱ्यावर नाही. ही सवय मोडायलाच हवी.

भरवशाचा रस्ता म्हणजे एफगेट्स (fgets) या फंक्शनने अख्खी ओळ घ्यायची आणि मग स्ट्रटोलने (strtol) त्या ओळीतून आकडा काढायचा. आकडा कुठे संपला तेही स्ट्रटोल दाखवतो, त्यामुळे ‘१२किलो’ लगेच पकडता येतं. एफगेट्सला जागा किती आहे ते सांगावं लागतं. ओळ वाचणाऱ्या जुन्या गेट्सला (gets) ते सांगायची सोयच नव्हती. १९८८ च्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला, त्यातली एक गेट्सची हीच उणीव होती. २०११ च्या प्रमाणातून गेट्स काढून टाकलं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर जागेचा हिशेब नीटच करावा. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा वेगळे मोजायचे. ‘बांगडा’ म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट, शिवाय मजकूर संपला हे सांगणारा शेवटचा शून्य बाइट. दहा बाइटच्या कप्प्यांच्या रांगेत, म्हणजे दहाच्या अ‍ॅरेत परसेंट एसने (%s, म्हणजे ‘शब्द वाच’) तो भरला तर शेजारची मेमरी खराब होते. एफगेट्स नऊ बाइटवर थांबतो: नावात ‘बां’ येतं आणि ‘गडा’ पुढच्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसतं. म्हणून अ‍ॅरे शंभरचा घ्या, आणि वाचलेल्या ओळीत शेवटची खूण नसेल तर ती येईपर्यंत उरलेले बाइट एकेक करून वाचून टाका.