अस्वस्थ पायांची साडेतीनशे वर्षं

दिवसभर निमूट असणारे पाय अंथरुणाला पाठ टेकली की वळवळू लागतात. हलवले की बरं वाटतं, थांबवले की पुन्हा तेच. हाच रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा आजार. त्याचं हे वर्णन इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये केलं होतं. त्यांचा उपाय अफूचा होता. एकोणिसाव्या शतकात मात्र हा त्रास हिस्टेरियाच्या खात्यावर टाकला गेला.

स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याची स्वतंत्र आजार म्हणून मांडणी केली. लोहाची कमतरता आणि गरोदरपण यांच्याशी असलेला संबंधही त्यांनी टिपला. पुढच्याच दशकात डॉक्टर नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह दिलं आणि रुग्णांना आराम पडला. रक्तातलं लोह ठीक असलं तरी मेंदूत ते कमी असू शकतं, हे कळायला मात्र जवळपास अर्धं शतक गेलं.

मधल्या काळात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम करणाऱ्या औषधांचा जोर होता. १९८२ मध्ये डॉक्टर अकपिनार यांनी त्यांतल्या लेवोडोपाचा गुण दाखवला. त्याच गटातलं रोपिनिरोल अमेरिकेत २००५ मध्ये आणि प्रॅमिपेक्सोल २००६ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. गुण झटपट येतो, फसगत तिथेच होते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रात्रीचा त्रास दुपारीच सुरू होतो, हातांतही उतरतो. याला ऑगमेंटेशन म्हणतात. मात्रा वाढवली की थोडे दिवस बरे जातात, मग आग आणखी भडकते. गोळी एकदम बंद करणंही घातक. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

२०२५ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने ही डोपामिनची औषधं सरसकट देऊ नयेत असं सुचवलं आणि गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन ही मज्जातंतूंवर काम करणारी औषधं व शिरेतून दिलं जाणारं लोह पुढे आणलं. निवडक रुग्णांसाठी ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा, पर्यायही त्यात आहे, म्हणजे विलिस अगदीच चुकले नव्हते!

म्हणून आज पहिली तपासणी लोहाची. नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही; फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे ते) दोन्ही हवं. रक्त सकाळी द्यावं, आधीचे २४ तास लोहाची गोळी टाळावी. प्रौढांत फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून कमी, अथवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह देण्याचा विचार होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिनचा ४० हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला असतो, पण या आजारात तो कमीच. ताप किंवा संसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं. तेव्हाचा आकडा धरू नये. सर्दीसाठी किंवा झोपेसाठी घेतलेली डायफेनहायड्रामिनसारखी गुंगीची गोळी पायांची वळवळ वाढवते, हेही तपासणीआधीच डॉक्टरांना सांगावं.