किक वाजते तेव्हा बेस कुठे जातो?

हाउस किंवा टेक्नोसारख्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याच्या ट्रॅकमध्ये दर ठोक्याला किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, छातीवर आदळते आणि तिच्याखाली बेस, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची ओळ, अखंड वाहतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा अखंड नसतो. किक पडली की बेस झटकन खाली दबतो आणि पुढची किक यायच्या आत पुन्हा वर येतो, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास वेळा. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही करामत साइडचेन कॉम्प्रेशनची, म्हणजे एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा आवाज दाबण्याची. ती खपून जाते, कारण आपला कानच तिला सामील असतो.

आधी भांडण कशावरून आहे ते पाहू. इलेक्ट्रॉनिक किकचा आवाज काहीशे हर्ट्झपासून सुरू होतो आणि काही मिलीसेकंदांत घसरत साधारण 50-60 हर्ट्झवर येऊन थांबतो. बेसच्या सुरांचा पायाही तिथेच, 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात. दोन सारख्या ताकदीच्या लाटांची शिखरं जुळली तर उंची दुप्पट होते, म्हणजे 6 डेसिबलची वाढ. डिजिटल आवाजाला 0 डेसिबलवर पक्कं छत असतं. लाट त्याच्यावर गेली की तिचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. उलट एकीचं शिखर दुसरीच्या दरीत पडलं, तर दोन्ही एकमेकींना खातात.

यातलं काय होईल हे ठोक्यागणिक बदलतं. वेग मिनिटाला 128 ठोके असेल तर दोन किकमध्ये 468.75 मिलीसेकंद जातात. बेस 55 हर्ट्झवर सलग वाजत असेल, तर तेवढ्या वेळात त्याची 25.78 आवर्तनं होतात. पूर्ण आकडा नाही, म्हणून प्रत्येक किकला बेसची लाट वेगळ्याच टप्प्यावर भेटते. एक ठोका भरदार, पुढचा पोकळ. किकचा नमुना तोच असूनही ठोके सारखे का वाटत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

दुसरी अडचण कानाची. आतल्या कानातल्या वेटोळ्या नळीत एक पातळ पटल असतं आणि निरनिराळ्या वारंवारता त्याच्या निरनिराळ्या भागांना हलवतात. जवळजवळच्या वारंवारता मात्र एकाच भागावर काम करतात. मग मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. इक्वलायझरने, म्हणजे निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, दोघांना वेगळं करता येतं, पण तळाला जागाच इतकी अरुंद असते की जे कापाल त्याने कुणाचा तरी जीव जातो. मग वारंवारता वाटून घेण्याऐवजी वेळ वाटून घ्यायची.

साधा कॉम्प्रेसर आपल्याकडे आलेला आवाज मोजतो आणि तो ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की त्यालाच दाबतो. साइडचेनमध्ये मोजमाप एकाचं आणि शिक्षा दुसऱ्याला. कॉम्प्रेसर बेसवर बसवलेला असतो, पण त्याचं लक्ष किककडे असतं. समजा किक थ्रेशोल्डच्या 12 डेसिबल वर गेली आणि रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, 4:1 आहे. बारापैकी तीन उरायला हवेत, म्हणून कॉम्प्रेसर 9 डेसिबल कमी करतो. मात्र कमी होतो तो बेस. त्याच्या लाटेची उंची जवळपास एक तृतीयांशावर येते. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचं संगीत आपोआप खाली जातं, त्यामागचं तंत्रही हेच.

मग हा खड्डा ऐकू का येत नाही? एक तर तळातली जी जागा बेस सोडतो ती किक लगेच भरून काढते. शिवाय मोठा आवाज संपल्यावरही शंभर-दोनशे मिलीसेकंद कान बारीक आवाजांना थोडा बधिर असतो. बेस परत येतो तो याच सावलीतून.

खरी कसोटी रिलीजची, म्हणजे बेसला किती वेळात सोडायचं याची. उशीर झाला तर पुढची किक येईपर्यंत बेस सावरतच नाही. तुम्ही नुसता त्याचा आवाज कमी करून ठेवलेला असतो. घाई केली तर त्याहून चमत्कारिक प्रकार होतो. 50 हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन 20 मिलीसेकंदांचं असतं. रिलीज पाच-दहा मिलीसेकंदांवर आणला, तर कॉम्प्रेसर किकच्या ठोक्याऐवजी तिच्या लाटेच्या एकेका चढउताराला प्रतिसाद देऊ लागतो. बेसची पातळी थरथरते आणि त्यात खरखर मिसळते. अटॅकही, म्हणजे दाबायला घेतलेला वेळ, अगदी शून्यावर नेला तर लाट मधेच तुटल्यासारखी होऊन टिचकीचा आवाज येतो.

हेच तंत्र सिंथच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिंथेसायझरच्या, लांबलचक सुरांवर लावलं की मात्र सगळं उघडं पडतं. त्यांच्या मधल्या आणि वरच्या वारंवारतांना किक झाकू शकत नाही, त्यामुळे चढउतार स्पष्ट ऐकू येतो आणि ट्रॅक श्वास घेऊ लागतो. याला पंपिंग म्हणतात. एरिक प्रिड्झच्या 2004 सालच्या ‘कॉल ऑन मी’मध्ये ते उघडउघड मिरवलं आहे. किक थांबलेल्या भागातही हा श्वास चालू ठेवायचा असेल, तर कॉम्प्रेसरला एक मुकी किक ऐकवतात, जी श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही. मला विचाराल तर ठोके एकसारखे असताना कॉम्प्रेसरच्या भानगडीत पडण्यापेक्षा आवाजाच्या चढउताराची वक्ररेषा थेट आखून देणारं प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन, बरं. ताल बदलता असेल, तिथे मात्र खऱ्या किककडे कान लावणारा कॉम्प्रेसरच हवा.

आणि दाबायचा तरी बेस सगळा कशाला? भांडण तळाशी आहे, तर साधारण 120-150 हर्ट्झखालचा भागच दाबावा आणि वरचा पोत तसाच वाजू द्यावा. फोनच्या इवल्या स्पीकरमधून 50 हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तिथे मेंदू वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उंच वारंवारतांवरून, खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. हे स्वरांश हलले नाहीत, तर फोनवर बेस न डगमगता सलग ऐकू येतो.