बोअर छावण्यांमधल्या गोवराने इतकी मुलं का मारली?

गोवर काय, सगळ्यांनाच होतो, उलट एकदा होऊन गेला की पोरगं दणकट होतं, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. त्यांनी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर (तिथे स्थायिक झालेले, मुख्यतः डच वंशाचे गोरे शेतकरी) यांच्यात झालेल्या बोअर युद्धाचे (१८९९-१९०२) आकडे बघावेत.

बोअर गनिमी काव्याने लढायला लागले तेव्हा ब्रिटिश सेनापती किचनरच्या फौजांनी त्यांची घरं-शेतं जाळली आणि बायकामुलांना उचलून तंबूंच्या छावण्यांत डांबलं. आरोप नाही, खटला नाही. तिथे जवळपास २८,००० बोअर मेले, त्यातली २२,००० च्या वर १६ वर्षांखालची मुलं. गोवर आणि त्याच्या मागोमाग येणारा न्यूमोनिया हे मोठं कारण, सोबत टायफॉइड आणि जुलाब.

आता हे असं का झालं? ही मुलं लांबलांबच्या शेतांवर वाढलेली, बऱ्याच जणांचा गोवराशी कधी संबंधच आला नव्हता, म्हणजे अँटिबॉडी नाहीतच. त्यात हा व्हायरस हवेत दोन तासांपर्यंत टिकतो आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून पसरतो, म्हणजे एक मूल आजारी दिसेपर्यंत तंबूतल्या बहुतेकांना लागण होऊन गेलेली असते. पण खरी मेख आहे डोसची. पीटर आबी या डॅनिश संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये पाहिलं की बाहेरून गोवर आणणाऱ्या मुलापेक्षा घरात त्याच्याकडून लागण झालेली भावंडं जास्त दगावतात. त्यांचं म्हणणं असं की रात्रंदिवस जवळ राहिल्याने सुरुवातीलाच व्हायरसचा मोठा डोस शरीरात जातो आणि इम्यून सिस्टिमला सावरायला वेळच मिळत नाही. गच्च भरलेल्या तंबूत दुसरं काय होणार! वर हा व्हायरस मेमरी पेशींवरच्या (जुने रोग लक्षात ठेवणाऱ्या इम्यून सिस्टिमच्या पेशी) एसएलएएम नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीत शिरायच्या दाराला, चिकटून त्या पेशीच मारतो. २०१९ च्या एका अभ्यासात गोवर झालेल्या, लस न घेतलेल्या मुलांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब झालेल्या दिसल्या. म्हणजे दणकट होणं सोडाच, जुन्या रोगांविरुद्धची कमावलेली ताकदही जाते.

तेव्हाचे ब्रिटिश अधिकारी मात्र बोअर आयांच्या अडाणी घरगुती उपायांना दोष देत होते. त्या उपायांनी गोवर बरा होत नव्हता हे खरंच, पण उपाशी मुलांना एका तंबूत कोंबलं कोणी?

छावण्या बघून आलेल्या ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस यांनी १९०१ मध्ये हे इंग्लंडला सांगितलं, मग ब्रिटिश सरकारने नेमलेलं, छावण्यांची पाहणी करणारं फॉसेट कमिशन आलं, सुधारणा झाल्या आणि १९०२ मध्ये मृत्यू झपाट्याने घटले. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथे ते कमिशन गेलंच नाही, आणि तिथले नोंद सापडणारे मृत्यूच १४,००० च्या वर आहेत.