ब्रेड उरला की धिरडी घाला (आमच्या गिऱ्हाइकांसाठी)

नमस्कार. रोज काउंटरवर कोणीतरी विचारतंयच, "परवा नेलेल्या ब्रेडचे पाच-सहा स्लाइस उरलेत, काय करायचं ओ त्याचं?" तोंडी सांगून दमलो, म्हणून हा कागद पाकिटात घालतोय.

गर्दीत अर्धवट सांगितलं की काय होतं ते पण सांगतो. मागच्या पावसाळ्यात शहापूरच्या एका काकूंना घाईघाईत नुसतं "मिक्सरला लावा आणि तव्यावर घाला" एवढंच बोललो, दुसऱ्या दिवशी काकू पिशवीतून तवाच घेऊन हजर, चिकटलेल्या लगद्यासकट, "आता हे तुम्हीच खरवडा". खरवडला, चूक आमचीच होती.

कसं आहे, ब्रेड म्हणजे भट्टीत एकदा भाजून झालेलं पीठ. ते परत धरून राहत नाही, पाणी पितं आणि गिच्च होतं, शिवाय ब्रेडमध्ये थोडी साखर असते ती तव्याला लागली की करपते. म्हणून जोडीला कच्चं पीठ पाहिजेच. आपल्या बेळगावात कुठल्याही किराणा दुकानात चिरोटी रवा (म्हणजे अगदी बारीक रवा) मिळतो तो बेस्ट, जाडा रवा असला तर जास्त वेळ भिजत ठेवा.

६ स्लाइसला अर्धी वाटी चिरोटी रवा, २ चमचे तांदळाचं पीठ, अर्धी वाटी आंबटसर दही. कडा कापू नका, उगाच वाया जातात. ब्रेड हातानं तोडून पाणी शिंपडून ५ मिनिटं ठेवायचा आणि हातानंच कुस्करायचा, मिक्सरच पाहिजे असेल तर एकच फिरकी द्या, पेस्ट नको. मग रवा, पीठ, दही, बारीक कांदा, मिरची, आलं, कोथिंबीर, जिरं. मीठ नेहमीच्या निम्मंच घाला कारण ब्रेडमध्ये आधीच असतंय, चव बघून मग वाढवा. आता १५-२० मिनिटं झाकून ठेवायचं, रवा फुगला की पीठ घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडं पाणी घालून उत्तप्प्याच्या पिठाएवढं करा, पळीतून पडलं पाहिजे पण पळालं नाही पाहिजे. सोडा पाहिजे तर चिमूटभर, तो पण अगदी घालायच्या वेळी, दह्याच्या आंबटपणानं लगेच बुडबुडे येतात आणि पीठ तसंच ठेवलं तर ते विरून जातात.

आता तवा. बिडाचा असला तर चांगला तापू द्या, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं पाहिजे, मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर घासा आणि गॅस कमी करा. धिरडं तळहाताएवढंच घाला! दोशासारखं पातळ पसरायला जाल तर उलटताना हमखास फाटतंय. कडेनं चमचाभर तेल सोडा, झाकण ठेवा, ३ मिनिटं हात लावू नका, वरचा ओलेपणा गेला आणि कडा आपोआप सुटायला लागल्या की मगच उलथनं घाला. पहिलं फसलं तर फसू दे, पहिलं तव्याचंच असतं.

एक-दोन दिवसांचा ब्रेड ह्याला ताज्यापेक्षा बरा, ताजा फार चिकट होतो (बेकरीवाला असून सांगतोय बघा). ब्राउन ब्रेड पाणी जास्त पितो. गोड बनची धिरडी करू नका, आम्ही करून बघितलीत.

एक मात्र ऐका, बुरशीचा हिरवा नाहीतर पांढरा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीचा वापरू नका. मऊ ब्रेडमध्ये बुरशी आतपर्यंत गेलेली असते, बाहेरून दिसत नाही. सगळं पाकीट टाका आणि गाईला पण घालू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट की ब्रेड बाहेर फार टिकत नाही. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, धिरड्यांना चालतंय, सँडविचला नाही. जास्त दिवस ठेवायचा असेल तर घट्ट बांधून फ्रीजरला टाका.

सोबत शेंगाची चटणी आणि दही, सॉस मागणाऱ्या पोरांना सॉस.

रात्री ८ नंतर त्या दिवसाची उरलेली पाकिटं अर्ध्या भावात देतो, काउंटरवर विचारा. तवा मात्र आणू नका.