चित्रपटांतील काल्पनिक वाहनांची व्यवहार्यता

चित्रपटासाठी कल्पिलेले वाहन प्रत्यक्षात बांधले, तर ते चालेल का, वळेल का, वेळेवर थांबेल का आणि आतल्या माणसाला सुखरूप ठेवेल का, हा या विषयाचा गाभा आहे. पडद्यासाठी वाहनाचे रूप आधी ठरते आणि यंत्रणा त्यात मागाहून बसवावी लागते. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) या चित्रपटातील ‘टम्बलर’ ही बॅटमॅनची मोटारगाडी याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन आणि कलादिग्दर्शक नेथन क्राउली यांनी छोट्या प्रतिकृतींतून तिचा आकार ठरवला, आणि विशेष परिणामांचे प्रमुख क्रिस कॉर्बुल्ड यांच्या चमूने ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून सुमारे अडीच टनांची खरीखुरी गाडी उभी केली. तिच्या मागच्या बाजूला चार भलेमोठे टायर आहेत, तर पुढच्या दोन चाकांना जोडणारा आस नाही. ती दोन्ही बाजूंच्या स्वतंत्र दांड्यांवर पुढे आलेली आहेत. त्यामुळे उडीनंतर जमिनीचा दणका थेट या दांड्यांवर येतो. उडीच्या पहिल्या चाचणीत गाडीचा पुढचा भाग मोडला आणि तो नव्याने बांधावा लागला. दुरुस्तीनंतर ती शिकागोच्या रस्त्यांवर खरोखर भरधाव धावली, ही कारागिरीची मोठी कमाई मानली पाहिजे.

तरीही रोजच्या वापराला ती निरुपयोगीच आहे. चालकाला बाहेरचे फार थोडे दिसते. मागून निघणारी ज्वाळा प्रोपेन वायूची, केवळ देखाव्यापुरती होती. गाडीची रुंदी सुमारे २.८ मीटर आहे, आणि भारतीय नियमांत मोटार वाहनाला साधारणपणे २.६ मीटरपर्यंतच मुभा असल्याने आपल्याकडे तिची नोंदणीच अडेल.

‘द डार्क नाइट’ (२००८) मधील ‘बॅटपॉड’ या दुचाकीची अडचण तिच्या ५०८ मिलिमीटरच्या टायरांत आहे. दुचाकी वळताना कलवावी लागते; पण टायर रुंद व सपाट असला की कलताच जमिनीशी असलेला स्पर्श कडेला सरकतो आणि गाडी पुन्हा सरळ होऊ पाहते. ती चालवणे ज्यां-पिएर ग्वा या स्टंटचालकालाच साधले.

‘ब्लेड रनर’ (१९८२) मधील ‘स्पिनर’सारख्या उडत्या मोटारींचा प्रश्न याहून अवघड आहे. अधांतरी राहण्यासाठी हवा खाली ढकलावी लागते आणि झोताचे क्षेत्र जितके लहान, तितकी शक्ती जास्त लागते. हेलिकॉप्टरची पाती इतकी लांब असतात ती याचसाठी.